निरफणसाचा खड्डा

लेइमासमावशीचा खड्डा बेटाला ठाऊक होता
तो वासामुळे.
वारा फिरला की शाळेतली पोरं नाकं दाबायची,
पाद्रीबुवा प्रार्थना आटोपती घ्यायचे,
आणि कालसाउ, ज्याच्या दुकानात
दर पंधरवड्याच्या बोटीनं तांदूळ यायचा,
तो म्हणायचा, "म्हातारे, पुरायचं ते मेलेलं. खायचं नव्हे."

ती निरफणस सोलत राहायची.
शिंपल्याच्या धारेनं साल, मग फोडी,
मग एक रात्र समुद्रात,
मग खड्डा: केळीची पानं, सात थर,
देठ बाहेर, शेंडा आत,
वर काळे दगड, तिच्या आजीनं हाताळून गुळगुळीत केलेले.

मी तेव्हा पोर्ट विलात,
हवामान खात्यात, पावसाचे आकडे भरायला.
फोनवर तिला खुणा विचारायचे.
आंब्याला मोहोर किती?
गांधीलमाश्यांनी पोळं कुठं बांधलं?
समुद्रावरचे मोठे काळे पक्षी डोंगराकडे गेले का?
ती सांगायची. मी रकान्यात लिहायचे.

त्या वर्षी माश्या पार शेंड्यावर बसल्या.
उंच पोळं, म्हणजे वादळ नाही.
आंबा दोनदा मोहरला, त्याचा अर्थ कुणालाच लागेना.
मी म्हटलं, मावशी, एकंदरीत बरं दिसतंय.
पलीकडून बराच वेळ नुसता समुद्र ऐकू आला.
मग म्हणाली,
"माश्यांनाही कळेनासं झालंय, बाई.
माझ्या आईच्या वेळची हवा त्यांनी पाठ केली होती.
ती हवा गेली."
आणि कोयता घेऊन केळीत शिरली.

उपग्रहाचं चित्र नंतर आलं.
पांढरं, गरगरतं, मधोमध डोळा.
मी घाईघाईनं फोन लावला तोवर
तिनं केळी बोडक्या करून टाकल्या होत्या,
कोनफळाचे वेल मांडवावरून उतरवून कापले होते.
"वाऱ्याच्या हाती धरायला काही देऊ नये," एवढंच.

वादळाचं मी सांगणार नाही.
जे रंगवून सांगतात
त्यांचं छप्पर बहुधा राहिलेलं असतं.

एकोणीस दिवस बोट नाही.
कालसाउचा तांदूळही आंबला,
पण कुणी न शिकवता, नुसताच.
विसाव्या दिवशी मी उतरले तेव्हा
तो चर्चच्या उरलेल्या पायरीवर बसून
तापल्या दगडावर भाजलेली आंबट वडी खात होता.
दोन्ही हातांनी. नाक मोकळं.
माझ्याकडे बघून म्हणाला, "मीठ हवं होतं जरा."

दोन खड्डे रिकामे झाले होते.
तिसऱ्यात खारं पाणी.
तिच्या आजीचा खड्डा तो. तेव्हा समुद्र
चाळीस पावलांवर होता म्हणे.
मी मोजली. अकरा भरली.
मावशीनं काठीनं तो गढूळ लगदा एकदा ढवळला,
काठी तिथंच टाकली,
म्हणाली, "दगड घे. वर चल."

माझ्या नकाशात भरतीच्या रेषा होत्या,
तिच्या तळव्यांना मातीची ओल कळत होती.
पहिल्या जागेवर ती नको म्हणाली, दुसऱ्या जागेवर मी.
तिथं आम्ही भांडलोही, मोठ्यानं,
शेजाऱ्यांची डुकरं उठून गेली.
तिसऱ्या जागेवर दोघी दमून बसलो,
आणि बसल्या बसल्या तिनं माती हुंगली.

मी विचारलं, पुढचं कधी येईल? तुला काय वाटतं?
"अंदाज तुझं काम.
खड्डा अंदाजावर खणत नाहीत.
तो खणलेलाच असावा लागतो."

पानं लावायला तिनं मला आत उतरवलं.
मी शेंडा बाहेर काढला, तिनं काठीनं बोटावर मारलं.
पुन्हा लावलं. पुन्हा.
वर यायला हात मागितला तर म्हणाली,
थांब अजून, खाली बस, श्वास घे,
कच्च्याचा वास असा असतो.
पुढच्या वर्षी मी विचारीन.